दूरसंचारातील स्पर्धा आणि नियमन : आर्थिक अभिप्राय कोणत्या क्रमाने तयार करावा

दूरसंचार क्षेत्रातील स्पर्धा किंवा नियमन यांवर दिले जाणारे आर्थिक अभिप्राय गणितात क्वचितच चुकतात. ते चुकतात क्रमात. दर किती असावा हे आधी मनाशी ठरते, मग त्या दराला साजेसे खर्चाचे प्रारूप बांधले जाते आणि बाजारपेठेची व्याख्या अहवाल पूर्ण दिसावा म्हणून शेवटी जोडली जाते. असा अभिप्राय उलटतपासणीत टिकत नाही, कारण प्रत्येक निष्कर्षाखालचे गृहीतक त्याच निष्कर्षातून आलेले असते. त्याचा भार सल्लागारापुरता मर्यादित राहत नाही. चुकीच्या पायावर ठरलेला घाऊक दर पुढे अनेक वर्षे ग्राहकांच्या बिलांत आणि कंपन्यांच्या गुंतवणुकीच्या निर्णयांत मुरून राहतो. पुढील टप्पे नियामक संस्था, स्पर्धा प्राधिकरण, सेवा पुरवणारी कंपनी किंवा वकिलांचा गट यांपैकी कोणासाठीही अभिप्राय लिहिणाऱ्याने याच क्रमाने पार पाडावेत. मागे वळून दुरुस्ती जरूर करावी, पण टप्पा गाळून पुढे जाऊ नये.

टप्पा १ : प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे ते निश्चित करा

दूरसंचारात आर्थिक अभिप्राय मुख्यतः चार प्रसंगी मागितला जातो. एखाद्या कंपनीवर आगाऊ बंधने घालावीत का, हा पहिला प्रसंग. वर्चस्वाचा गैरवापर झाला का, हा दुसरा. विलीनीकरणाला परवानगी द्यावी का, हा तिसरा. आणि दोन कंपन्यांमधील आंतरजोडणीचा किंवा घाऊक दराचा वाद कसा सोडवावा, हा चौथा. आकडेवारी चारही ठिकाणी बरीचशी सारखी असते. काळाची दिशा मात्र वेगळी असते. आगाऊ नियमनात पुढील काही वर्षांचा अंदाज बांधावा लागतो, गैरवापराच्या प्रकरणात मागील ठरावीक कालखंड तपासावा लागतो, आणि विलीनीकरणात दोन भविष्यांची तुलना करावी लागते. हा फरक आरंभी लिहून काढला नाही, तर गैरवापराच्या प्रकरणात पाच वर्षांनंतरचे फायबरचे जाळे युक्तिवादात येते आणि आगाऊ नियमनाच्या प्रकरणात जुन्या तक्रारींची यादी.

याच टप्प्यावर अधिकारक्षेत्राचाही विचार करावा, कारण नियमन आणि स्पर्धा कायदा यांचे परस्परांशी नाते सर्वत्र एकसारखे नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मधील ट्रिंको प्रकरणात, क्षेत्रीय नियमन अस्तित्वात असताना स्पर्धा कायद्याखाली नवे दायित्व निर्माण करण्याबाबत सावध भूमिका घेतली. युरोपमध्ये डॉइच टेलिकॉम प्रकरणात २०१० साली नेमका वेगळा सूर लागला : नियामकाने दर मान्य केले होते, तरी कंपनीला आपले किरकोळ दर बदलण्याची मोकळीक होती, म्हणून ती जबाबदारीतून सुटली नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भारती एअरटेल प्रकरणात तिसरा मार्ग धरला आणि तांत्रिक व क्षेत्रीय मुद्द्यांवर आधी दूरसंचार नियामकाने निष्कर्ष काढावा, मग स्पर्धा आयोगाने पुढे जावे, असा क्रम सांगितला. तेच अर्थशास्त्र या तीन चौकटींत तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असते.

*तपासणी :* प्रश्न, कालखंड आणि निर्णय घेणारी संस्था या तीन गोष्टी एका परिच्छेदात लिहून अभिप्राय मागणाऱ्याकडून लेखी मान्यता घ्यावी. ती मिळाल्याशिवाय एकही आलेख काढू नये.

टप्पा २ : माहिती मागवा, आणि मागण्याआधी तिची व्याख्या लिहा

माहितीची मागणी जितकी ढोबळ, तितकी आलेली उत्तरे परस्परांशी विसंगत. "ग्राहकसंख्या द्या" असे लिहिले की एक कंपनी नोंदलेली सिमकार्डे देते, दुसरी मागील नव्वद दिवसांत वापरली गेलेली, आणि तिसरी यंत्रांना जोडलेली सिमकार्डेही त्यात मिसळते. म्हणून सक्रिय जोडणी म्हणजे काय, यंत्रांची जोडणी मोजायची की नाही, महिन्याच्या शेवटचा आकडा हवा की सरासरी, हे मागणीपत्रातच नमूद करावे. किमान मागायच्या गोष्टी अशा : प्रीपेड आणि पोस्टपेड वेगळे करून दरमहा सक्रिय जोडण्या, सेवानिहाय महसूल, मिनिटे आणि डेटाचा वापर, क्रमांक पोर्टिंगची कंपनीनिहाय नोंद, घाऊक करारांच्या प्रती, टॉवर आणि फायबर मार्गांची ठिकाणे, स्पेक्ट्रमची धारणा, आणि दर ठरवणाऱ्या समित्यांची अंतर्गत टिपणे.

ही अंतर्गत टिपणे अनेक अर्थतज्ज्ञ वकिलांचे काम समजून बाजूला ठेवतात. माझ्या मते ही या टप्प्यावरची सर्वांत महागडी चूक आहे. कंपनी स्वतःचा प्रतिस्पर्धी कोणाला मानते, दर वाढवताना कोणाच्या प्रतिक्रियेची धास्ती बाळगते, हे त्या टिपणांत लिहिलेले असते, आणि पुढील टप्प्यातील कोणतेही समीकरण त्यांच्याशी विसंगत निघाले तर आधी समीकरणावर संशय घ्यावा.

*इशारा :* पोर्टिंगच्या नोंदींवरून ग्राहक कोठून कोठे गेले हे दिसते, पण केवळ क्रमांक टिकवून गेलेल्यांचेच. क्रमांक सोडून नवे सिमकार्ड घेणारे, किंवा दोन सिमकार्डांपैकी एकावरील वापर हळूहळू कमी करणारे, या नोंदीत येत नाहीत. प्रीपेडचे प्रमाण मोठे असेल तर ही त्रुटी नगण्य नसते.

टप्पा ३ : बाजारपेठेची व्याख्या करा

सुरुवात नेहमी किरकोळ पातळीवरून करावी आणि मग घाऊक पातळीकडे वर जावे. घाऊक सेवेची मागणी किरकोळ मागणीतून निर्माण होते. म्हणून ग्राहक कोणत्या सेवा परस्परांना पर्याय मानतात हे ठरल्याशिवाय बिटस्ट्रीम (तयार ब्रॉडबँड जोडणीची घाऊक विक्री), लोकल लूप (ग्राहकाच्या घरापर्यंतची तार) किंवा भाड्याच्या लाइन एकाच बाजारपेठेत बसतात का, हे ठरत नाही. तांत्रिक वर्गीकरण पाहून तांबे, केबल आणि फायबर वेगळे करणे हा आळसाचा मार्ग आहे. ग्राहक वेग, विश्वासार्हता आणि किंमत विकत घेतो, तार नव्हे.

प्रचलित साधन म्हणजे काल्पनिक मक्तेदाराची कसोटी : या सेवांचा एकच विक्रेता असता, तर त्याला किमतीत ५ ते १० टक्क्यांची, लहान पण लक्षणीय आणि टिकाऊ वाढ फायदेशीर ठरली असती का? तिचे अंकगणित समजून घेणे आवश्यक आहे. किमतीतील वाढ ५ टक्के आणि बदलत्या खर्चावरील नफ्याचे प्रमाण ६० टक्के असेल, तर सहन करता येणारी विक्रीतील घट ५ भागिले ६५, म्हणजे सुमारे ७.७ टक्के. नफ्याचे प्रमाण ३० टक्के असते तर तीच मर्यादा १४.३ टक्के झाली असती. दूरसंचारात स्थिर खर्च मोठा आणि बदलता खर्च लहान, त्यामुळे ही मर्यादा नेहमी कमी येते. आणि मग असा युक्तिवाद होतो की, इतकी थोडी घट तर सहज होईल, म्हणून बाजारपेठ विस्तृत धरा.

हा युक्तिवाद अर्धाच आहे. एखादी कंपनी ६० टक्के नफ्याचे प्रमाण राखून किंमत आणखी खाली आणत नसेल, तर तिचे ग्राहक किमतीला फारसे संवेदनशील नाहीत, असा त्यातून अर्थ निघतो. त्यामुळे मर्यादा कमी असली तरी प्रत्यक्ष घटही कमी असण्याची शक्यता असते. योग्य प्रश्न असा की, एका कंपनीला सोडणाऱ्यांपैकी किती जण विचाराधीन गटातीलच दुसऱ्या कंपनीकडे जातात. कंपन्या साधारण सारख्या असतील आणि हे प्रमाण वरील मर्यादेपेक्षा, म्हणजे आपल्या उदाहरणात ७.७ टक्क्यांपेक्षा, जास्त असेल, तर विचाराधीन गट हीच बाजारपेठ ठरू शकते. मात्र हा दुसरा युक्तिवादही एका अटीवर उभा आहे : किंमत कंपनीने स्वतः, नफा डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेली असावी. दर नियामकाने बांधलेला असेल, किंवा कंपनी ग्राहकसंख्या वाढवण्यासाठी जाणीवपूर्वक कमी दर आकारत असेल, तर नफ्याच्या प्रमाणावरून संवेदनशीलता काढता येत नाही.

आणखी एक जुना सापळा. प्रचलित किंमत आधीच मक्तेदारीच्या पातळीवर असेल, तर तिच्यापुढील प्रत्येक वाढीने ग्राहक पळतील आणि बाजारपेठ खोटीच विस्तृत दिसेल. सेलोफेन बनवणाऱ्या ड्यू पॉन्ट कंपनीविषयीच्या अमेरिकेतील १९५६ च्या निकालापासून हा दोष सेलोफेनच्या नावाने ओळखला जातो. गैरवापराच्या प्रकरणात प्रचलित किमतीवर कसोटी लावण्यापूर्वी या दोषाचा विचार करावाच लागतो. विलीनीकरणात तो धोका तुलनेने कमी असतो, कारण तेथे प्रश्न आजच्या पातळीपासून पुढे किंमत वाढेल का, हा असतो.

भौगोलिक व्याप्ती ठरवताना दर एकसमान आहेत एवढ्यावर थांबू नये. देशभर एकच दर आकारणाऱ्या कंपनीला काही शहरांत तीन पर्यायी जाळ्यांशी स्पर्धा करावी लागत असेल आणि इतरत्र एकाशीही नाही, तर घाऊक पातळीवर स्पर्धेची परिस्थिती एकसमान मानता येणार नाही. एकत्रित पॅकेजबाबतही असेच आहे : फोन, ब्रॉडबँड आणि दूरचित्रवाणी एकत्र विकली जाते म्हणून पॅकेज ही आपोआप वेगळी बाजारपेठ होत नाही. पॅकेजची किंमत वाढल्यास ग्राहक ते मोडून सेवा सुट्या घेतील का, हे तपासावे.

कॉल टर्मिनेशन, म्हणजे दुसऱ्या जाळ्यावरून आलेला कॉल आपल्या ग्राहकापर्यंत पोहोचवण्याची सेवा, हा मात्र विशेष विषय आहे. विशिष्ट क्रमांकावर कॉल पोहोचवायचा तर त्या क्रमांकाच्या जाळ्यावरूनच पोहोचवावा लागतो. म्हणून प्रत्येक जाळे, कितीही लहान असले तरी, स्वतःच्या टर्मिनेशनपुरते एकमेव विक्रेता असते. पैसे कॉल करणारा देत असेल तर कॉल घेणाऱ्याला तो दर कमी ठेवण्याची प्रेरणा नसते. लहान कंपन्यांचे अभिप्राय लिहिताना हा मुद्दा टाळण्याचा मोह होतो, टाळू नये.

*तपासणी :* बाजारपेठेच्या सीमा थोड्या सरकवल्या तर अंतिम निष्कर्ष बदलतो का? बदलत नसेल, तर तसे स्पष्ट लिहून सीमेचा वाद तेथेच सोडून द्यावा. बदलत असेल, तर उपलब्ध वेळेचा मोठा हिस्सा येथे खर्च करावा.

टप्पा ४ : बाजारशक्ती मोजा

हिस्सा एकाच मापाने सांगू नये. जोडण्यांचा हिस्सा, महसुलाचा हिस्सा आणि डेटावापराचा हिस्सा वेगवेगळे चित्र दाखवतात, आणि एकाच व्यक्तीकडे अनेक सिमकार्डे असतील तर जोडण्यांचा हिस्सा सर्वांत फसवा ठरतो. युरोपीय पद्धतीत ४० टक्क्यांच्या वर हिस्सा गेला की वर्चस्वाची शंका साधारणपणे सुरू होते आणि ५० टक्क्यांच्या वरील, दीर्घकाळ टिकलेला हिस्सा अपवादात्मक परिस्थिती वगळता स्वतःच पुरावा मानला जातो. हे आकडे आरंभबिंदू आहेत.

केंद्रीकरणाचा एचएचआय (हर्फिंडाल-हर्शमन) निर्देशांक काढणे सोपे आहे : प्रत्येक हिश्श्याला त्याच हिश्श्याने गुणून बेरीज करायची. चार कंपन्यांचे हिस्से ४०, ३०, २० आणि १० टक्के असतील तर ही बेरीज ३,००० येते. शेवटच्या दोन एकत्र आल्या तर वाढ ४०० ची, आणि निर्देशांक ३,४००. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १,८०० च्या वरील निर्देशांक आणि १०० पेक्षा अधिक वाढ यांवरून स्पर्धेला हानी होण्याचे गृहीतक उभे राहते. मोबाइल क्षेत्रात मोजके परवानाधारक असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक विलीनीकरण ही रेषा ओलांडते, म्हणून खरी चर्चा तिच्या पलीकडे सुरू होते : विलीन होणाऱ्या कंपन्या एकमेकींच्या किती जवळच्या प्रतिस्पर्धी आहेत, त्यांपैकी एक कंपनी दर खाली खेचणारी होती का, आणि उरलेल्यांकडे नवे ग्राहक सामावून घेण्याची क्षमता आहे का. थ्री आणि ओटू या मोबाइल कंपन्यांच्या ब्रिटनमधील प्रस्तावित विलीनीकरणाला युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये मनाई केली, २०२० मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने तो निर्णय रद्द केला आणि २०२३ मध्ये न्यायालयाच्या वरच्या पायरीने तो निकाल बाजूला सारला. वादाचा गाभा हाच होता : वर्चस्व निर्माण होत नसतानाही स्पर्धेला होणारी हानी किती आणि कोणत्या पुराव्याने दाखवावी लागते.

आगाऊ नियमनाच्या प्रकरणात वर्चस्व पुरेसे नसते. त्याआधी ती बाजारपेठच नियमनास पात्र आहे का, हे तपासावे लागते. युरोपीय चौकटीत यासाठी तीन निकष एकत्र पूर्ण व्हावे लागतात : प्रवेशातील अडथळे मोठे आणि टिकाऊ असणे, बाजारपेठ ठरावीक कालावधीत प्रभावी स्पर्धेकडे झुकत नसणे, आणि केवळ स्पर्धा कायदा अपुरा पडणे. हे निकष किती गांभीर्याने लावले जातात याची कल्पना यावरून यावी की, २००३ साली आयोगाच्या शिफारशीत १८ बाजारपेठा होत्या, २००७ मध्ये ७ आणि २०२० मध्ये केवळ २ उरल्या.

*इशारा :* किरकोळ बाजारपेठेत आज दिसणारी स्पर्धा घाऊक नियमनामुळेच उभी असू शकते. म्हणून विश्लेषण करताना त्या घाऊक बंधनाचा परिणाम वजा करून पाहावे, मात्र इतर बाजारपेठांवरील बंधने कायम धरावीत. हे न केल्यास वर्तुळ तयार होते : नियमनाने स्पर्धा आली, स्पर्धा आहे म्हणून नियमन काढा, नियमन काढले म्हणून स्पर्धा गेली.

टप्पा ५ : हानी कशी होते ते सांगा, आणि तुलनेची स्थिती मांडा

हा टप्पा लहान आहे, पण गाळला की पुढचे सारे निराधार होते. कोण, कोणत्या साधनाने, कोणाचे नुकसान करते आणि त्यात त्याचा फायदा काय, हे साध्या वाक्यांत लिहावे. मग ते वर्तन किंवा तो हस्तक्षेप नसता तर काय घडले असते, ते लिहावे. "पूर्वी आणि नंतर" ही तुलना येथे जवळजवळ कधीच पुरेशी नसते, कारण दूरसंचारात तंत्रज्ञानामुळे प्रतिएकक खर्च तसाही उतरत असतो. दर उतरले यावरून स्पर्धा वाढली हे सिद्ध होत नाही, आणि ते स्थिर राहिले तरी वेग आणि डेटाची मर्यादा वाढली असेल तर ग्राहकाला महागाई झाली असेही म्हणता येत नाही. गुणवत्तेचा हिशेब धरलेली किंमत वापरावी, आणि इतर देशांशी तुलना केल्यास त्यांची निवड कोणत्या निकषावर केली हे निकालापूर्वीच लिहून ठेवावे.

टप्पा ६ : खर्चाचे प्रारूप बांधा

आता कुठे खर्चाकडे वळावे. पहिला निर्णय : तळापासून वर, म्हणजे आजच्या तंत्रज्ञानाने कार्यक्षम कंपनी कसे जाळे उभारेल याचे प्रारूप, की कंपनीच्या हिशेबाच्या पुस्तकांवरून खाली. शक्य तेथे दोन्ही करून फरकाचे स्पष्टीकरण द्यावे. तळापासूनचे प्रारूप वास्तवापेक्षा नीटनेटके जाळे कल्पून खर्च कमी दाखवते, पुस्तकांवरचे प्रारूप अकार्यक्षमता आत घेते. सत्य बहुधा त्यांच्या दरम्यान असते आणि ते कोठे आहे हे सांगणे हेच आपले काम असते.

जाळ्याची क्षमता वर्षाच्या एकूण वापरावरून ठरत नाही, बिझी अवरमधील, म्हणजे सर्वाधिक गर्दीच्या तासातील, वापरावरून ठरते. वार्षिक गिगाबाइट थेट उपकरणांच्या संख्येत रूपांतरित करणारी प्रारूपे मी अजूनही पाहतो. त्यानंतर कोणत्या वाढीचा खर्च मोजायचा ते ठरवावे. टर्मिनेशनच्या शुद्ध वाढीव खर्चात, बाहेरून येणारे कॉल बंद झाले तर जेवढा खर्च वाचेल, तेवढाच धरला जातो. त्यात सामायिक खर्चाचा वाटा नसतो. युरोपीय आयोगाने २००९ मध्ये हीच पद्धत शिफारस केली, आणि पुढे संघभर एकच कमाल दर आला, जो मोबाइलसाठी २०२४ पासून प्रतिमिनिट ०.२ युरो सेंट आहे. याउलट फायबर किंवा लोकल लूपसारख्या प्रवेशसेवेच्या दरात सामायिक खर्चाचा वाटा धरावा लागतो, कारण तेथे तो खर्च भरून निघण्यासाठी दुसरी जागाच नसते.

भांडवलाच्या परताव्याचा दर हा सर्वाधिक वादाचा आकडा. त्यात दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली, करपूर्व आणि करोत्तर दरांची सरमिसळ. दुसरी, महागाई दोनदा मोजणे. समजा मालमत्ता १,००० एककांची, आयुष्य २० वर्षे, महागाईसह परतावा १० टक्के आणि महागाई ४ टक्के. महागाईसह दराने सपाट वार्षिक हप्ता सुमारे ११७ येतो. महागाई वजा केलेला दर सुमारे ५.८ टक्के, आणि त्याने हप्ता सुमारे ८६ येतो, जो दरवर्षी महागाईबरोबर वाढवायचा असतो. दोन्ही पद्धती योग्य आहेत. अयोग्य आहे ते ११७ चा हप्ता घेऊन पुन्हा त्यालाच दरवर्षी ४ टक्क्यांनी फुगवणे, किंवा मालमत्तेचे चालू किमतीला पुनर्मूल्यांकन करून त्यावर महागाईसह दर लावणे आणि मूल्यवाढीचा लाभ वजा न करणे.

जमिनीखालचे डक्ट, म्हणजे तारा ओवण्याच्या नळ्या, वेगळे धरावेत. ते दीर्घायुषी असतात, नवे जाळे उभारतानाही पुन्हा वापरले जातात, आणि बरेचसे हिशेबात पूर्वीच भरून निघालेले असतात. त्यांना आज नव्याने खोदल्याच्या किमतीने मोजले तर ग्राहक एकाच खंदकाचे पैसे दुसऱ्यांदा भरतो. स्पेक्ट्रमच्या लिलावात भरलेली रक्कमही अशीच तपासून घ्यावी : ती भरून झालेली आहे, म्हणून तिच्यामुळे आजचे दर वाढलेच पाहिजेत, असे गृहीत धरू नये. तसा परिणाम होत असल्यास तो गुंतवणूक किंवा कंपन्यांची संख्या यांमार्गे होतो, आणि तो दाखवावा लागतो.

*तपासणी :* प्रारूपाने काढलेली टॉवरांची संख्या, फायबरची लांबी आणि एकूण वार्षिक खर्च प्रत्यक्ष कंपनीच्या आकड्यांशेजारी ठेवावेत. प्रतिएकक दर जुळतो पण टॉवरांची संख्या निम्मीच येते, असे दिसल्यास दोन चुकांनी एकमेकींना झाकलेले असते.

टप्पा ७ : घाऊक आणि किरकोळ दरांतील अंतर तपासा

जाळ्याची मालक असलेली कंपनी स्वतः किरकोळ विक्रीही करत असेल, तर घाऊक दर वाजवी असूनही प्रतिस्पर्ध्याचा श्वास कोंडू शकतो. एक काल्पनिक उदाहरण घ्या. ब्रॉडबँडचा जाहीर मासिक दर ५०० एकक, घाऊक दर ३३० आणि किरकोळ विक्रीचा स्वतःचा दीर्घकालीन वाढीव खर्च १५०. अंतर १७० चे, म्हणजे खर्च भागतो. आता पहिले सहा महिने ३५० चा सवलतीचा दर आहे असे समजा. ग्राहक २४ महिने टिकला तर सरासरी दर ४६२.५ होतो आणि अंतर १३२.५ उरते, खर्च भागत नाही. तो ४८ महिने टिकला तर सरासरी ४८१.२५ आणि अंतर १५१.२५, जेमतेम भागतो. म्हणजे सारा निष्कर्ष ग्राहक किती काळ टिकतो या एका आकड्यावर अवलंबून आहे, आणि तो आकडा बहुतेक अहवालांत तळटिपेत असतो. तो मुख्य मजकुरात आणून, ग्राहक सोडून जाण्याच्या प्रत्यक्ष नोंदींवरून काढावा.

खर्च कोणाचा धरायचा, हेही आधी ठरवावे. गैरवापराच्या प्रकरणात साधारणपणे वर्चस्व असलेल्या कंपनीचाच खर्च धरतात, कारण तिला आपले वर्तन कायदेशीर आहे की नाही हे स्वतःच्या माहितीवरून कळले पाहिजे. आगाऊ नियमनात, नवागताला अजून मोठा आकार गाठता आलेला नाही हे लक्षात घेऊन, खर्चात वाजवी वाढ धरता येते. आणि देश बदलला की कायद्याची भूमिकाही बदलते : युरोपमध्ये २०११ च्या टेलियासोनेरा निकालाने घाऊक पुरवठ्याची नियामक सक्ती नसतानाही अशा अंतरावर आक्षेप घेता येतो असे ठरवले, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या लिंकलाइन निकालात, स्पर्धा कायद्याखाली पुरवठा करण्याचे दायित्वच नसेल तर केवळ अंतर कमी असल्याचा दावा मान्य केला नाही.

टप्पा ८ : उपाय सुचवा

उपाय सौम्यापासून कठोराकडे तपासावेत : पारदर्शकता, भेदभावास मनाई, हिशेबाचे विभाजन, जाळ्यात प्रवेश, दरनियंत्रण, आणि अगदी शेवटी कंपनीच्या विभागांचे कार्यात्मक विलगीकरण. प्रत्येक पायरीवर एकच विचारावे : टप्पा ५ मध्ये सांगितलेली हानी याने थांबते का? थांबत असेल तर पुढे जाऊ नये. प्रवेशाचे बंधन घालून दर मोकळा सोडणे किंवा दर बांधून पुरवठ्याची मुदत व दुरुस्तीचा दर्जा मोकळा सोडणे, या दोन्ही अर्धवट उपायांत हानी दुसऱ्या वाटेने परतते.

एका बाजूचा दर कमी केल्यास कंपनी दुसऱ्या बाजूला तो वाढवू शकते, हेही मोजावे. टर्मिनेशन दर उतरवल्यावर हँडसेटवरील सवलत आटली किंवा किरकोळ दर वाढले, तर तो परिणाम निव्वळ लाभातून वजा करावा लागतो. पण असा परिणाम आहे म्हणून नियमन निरर्थक आहे, असा सरळ निष्कर्ष निघत नाही.

विलीनीकरणात उपाय टिकाऊ आहे का, याचा विचार विशेष काळजीने करावा. अमेरिकेत २०२० मध्ये टी-मोबाइल आणि स्प्रिंट या कंपन्या एकत्र आल्या तेव्हा बूस्ट हा प्रीपेड व्यवसाय डिश या कंपनीला देऊन चौथी कंपनी उभी करण्याचा मार्ग निवडला गेला. ब्रिटनमध्ये व्होडाफोन आणि थ्री यांच्या विलीनीकरणाला डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी देताना जाळ्यातील गुंतवणुकीची बंधनकारक हमी हा आधार होता. पहिल्या प्रकारात नव्या कंपनीकडे स्पेक्ट्रम, भांडवल आणि ग्राहक तिन्ही वेळेत येतील का, हे तपासावे. दुसऱ्यात हमी मोडल्यास ते कोणाला, किती दिवसांत आणि कोणत्या मोजमापाने कळेल, हे.

*इशारा :* उपायाची मुदत आणि फेरतपासणीची तारीख नसलेली शिफारस देऊ नये.

टप्पा ९ : लेखन आणि सुनावणीची तयारी

अहवालात प्रत्येक निष्कर्षाशेजारी तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे आणि ते किती हलवल्यास निष्कर्ष उलटतो, हे लिहावे. दहा गृहीतके एकेक टक्क्याने हलवून काढलेला तक्ता उपयोगाचा नाही; निष्कर्ष उलटवणारी दोन-तीन गृहीतके शोधून त्यांवरच थांबावे. आपल्या विरोधात जाणारा पुरावा स्वतःच मांडावा आणि तो आपण कमी वजनाचा का मानतो हे सांगावे, कारण तो समोरच्या पक्षाने प्रथम मांडला तर त्याचे वजन दुप्पट होते.

गोपनीय आणि सार्वजनिक अशा दोन प्रती आरंभापासूनच समांतर ठेवाव्यात. शेवटच्या रात्री आकडे झाकताना आलेखाच्या अक्षावरून, बेरजेवरून किंवा फाइलमध्ये दडलेल्या तक्त्यावरून प्रतिस्पर्ध्याचा खर्च उघड होण्याची शक्यता असते, आणि तसे झाले की पुढच्या वेळी कोणतीही कंपनी मोकळेपणाने माहिती देत नाही. प्रारूपाची सर्व सूत्रे उघडी ठेवावीत, प्रत्येक आवृत्तीला क्रमांक द्यावा, आणि ते ज्याने बांधले नाही अशा सहकाऱ्याला कच्च्या माहितीपासून अंतिम दरापर्यंत सर्व काही पुन्हा करून पाहायला सांगावे. त्याचे उत्तर जुळेपर्यंत अहवालावर सही करू नये.